'आराम कर' म्हणणाऱ्यांनो, आधी तिच्या हातातली बादली घ्या

स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला घरात सगळ्यात जास्त ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे 'तू आता आराम कर.' सासू म्हणते, नणंद म्हणते, बघायला आलेली शेजारीण म्हणते, नवराही म्हणतो. आणि एवढे म्हणून झाले की सगळे चहाची वाट बघत बसतात.

माझ्या खालाचे असेच झाले. ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. घरी आल्यावर तिचे बाहेर फिरणे बंद झाले. 'चक्कर येईल', 'इन्फेक्शन होईल', आणि खरे कारण, 'लोक विचारतील'. पण नळाला पाणी सकाळी सहाला यायचे आणि पिंप भरायला तीच उठायची. ऑपरेशनच्या बाजूचा हात वापरायचा नाही, दुसऱ्या हाताने बादली उचलायची, एवढीच काय ती सवलत. तीन महिन्यांनी तो हात खांद्याच्या वर जाईना. डोक्यावर ओढणी घ्यायची तर मुलीला हाक मारावी लागे. तपासणीला गेल्यावर विचारणा झाली, 'व्यायामाचा कागद दिला होता ना?' दिला होता. फाइलमध्ये घडी घालून ठेवलेला होता, इंग्रजीत.

हात जपायची ही भीती घरच्यांनी मनाने काढलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या किंवा त्यांना रेडिएशन दिले की हातातला द्राव नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. म्हणून जोराचे काम नको, वजन नको, असे डॉक्टरच वर्षानुवर्षे सांगत आले. मग १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेंझी या डॉक्टरांनी या समजुतीलाच हात घातला. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या चोवीस बायकांना त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवले. म्हणजे नेमके तेच काम, ज्याला मनाई होती. सूज वाढली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका त्यात होत्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून व्यायाम शिकवला. वजन उचलणाऱ्यांमध्ये सूज बळावण्याचे प्रमाण १४ टक्के निघाले, न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के. हे छापून येऊनही आता बराच काळ लोटला. आपल्या मोहल्ल्यात मात्र अजून 'हात हलवू नकोस' चालू आहे.

केमोच्या थकव्याचेही तसेच. हा थकवा झोपून जात नाही. दिवसभर पडून राहिलेली बाई संध्याकाळी जास्तच गळून जाते, कारण पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि मग चार पायऱ्याही डोंगर वाटतात. थकव्यावरच्या ११३ चाचण्या एकत्र करून २०१७ साली केलेल्या विश्लेषणात व्यायाम आणि मानसिक आधार हे दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनाच काढली: बरे करण्याच्या हेतूने उपचार चालू असताना डॉक्टरांनी रुग्णाला चालण्यासारखा आणि ताकदीचा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम सांगावा. प्रमाणही अवाढव्य नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणे आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, एवढ्यानेही थकवा आणि उदासी कमी होते. केमोनंतरच्या वाईट दिवसांत पाच मिनिटेसुद्धा चालतील. ताप असेल, रक्तातल्या पेशी फार उतरल्या असतील, आजार हाडांत गेला असेल किंवा हृदयावर परिणाम झाला असेल, तर काय करायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पण विचारावे तरी! 'नको' हे उत्तर घरातच तयार ठेवू नये.

यावर हमखास येणारा सवाल: 'ती घरकाम करतेच की, वेगळा व्यायाम कशाला?' घरकामात ती वाकते, उकिडवी बसते, एकाच हाताने ओढते. खांदा पूर्ण वर जात नाही. श्वास थोडा वाढेल अशी सलग वीस मिनिटे तिला मिळत नाहीत, आणि वजन तिच्या ताकदीप्रमाणे वाढत नाही. बादली पहिल्या दिवसापासून वीस लिटरचीच असते. दुसरा सवाल: 'नमाज पढते, त्यात व्यायाम होतोच.' इबादत ही इबादत आहे. तिला फिजिओथेरपीचे काम लावू नका. आणि रुग्णालयात सांगितलेल्या व्यायामाला 'योग' हे नाव आहे म्हणून घरी परतणाऱ्यांनाही सांगणे आहे की भिंतीवर बोटांनी वर चढायला कुठलाही मजहब आड येत नाही. खालाने शेवटी तेच केले. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, लहान मुलांची उंची मोजतात तशा. बोटे जिथपर्यंत पोचली तिथे दर शुक्रवारी एक रेघ.

आता चालण्याचे. चालायचे कुठे? भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे एक लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाल्याचा अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी जणी अशा वस्त्यांत राहतात, जिथे रस्त्यावर दुचाकी, गटाराचे झाकण आणि बाकड्यावरची टोळकी यांतून वाट काढावी लागते. नगरसेवकाच्या नावाची पाटी असलेल्या उघड्या व्यायामशाळेत मुलगे बसलेले असतात. केस गेलेली, एका बाजूने सपाट झालेली बाई तिथे जाईल कशी? पडदा असो वा नसो, नजरा तेवढ्याच असतात. जमातीने शादीखाने बांधले, कबरस्तानाला कंपाउंड घातले, दोन्हीची गरज होती. जिवंत बाईला अर्धा तास चालायला जागा मात्र कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आली नाही.

फार मोठे काही मागत नाही. रुग्णालयांनी व्यायामाचा कागद मराठीत आणि उर्दूत, चित्रांसह द्यावा आणि घरी पाठवण्याआधी नातेवाइकासमोर एकदा करून घ्यावा. नवऱ्याने सकाळचे पाणी भरावे, वर्षभर, न मिरवता. आणि आपल्या शाळांची मैदाने रोज संध्याकाळी एक तास फक्त बायकांसाठी उघडी ठेवावीत, आजारी आणि निरोगी दोघींसाठी, म्हणजे कोण कशासाठी आली हे कुणाला कळणार नाही. खर्च एका पहारेकरणीच्या पगाराचा. मैदाने आहेत, सुट्टी झाली की रिकामी असतात, आणि कुलपाच्या किल्ल्या आपल्याच संस्थाचालकांच्या खिशात आहेत.