एका सहीची गोष्ट

माझा एक कॉलेजमित्र जर्मनीत भूजलावर संशोधन करतो. काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, आवाजात नुसता उत्साह. "अरे, आपल्याकडच्या एका कॉलेजातल्या सरांकडे विहिरींच्या पाणीपातळीच्या वह्या आहेत. वीस वर्षांच्या! उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, स्वतः गावोगाव फिरून घेतलेल्या नोंदी. इथं लोक असल्या डेटासाठी तडफडतात."

गाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं.

त्याचा ग्रुप युरोपियन युनियनच्या निधीसाठी अर्ज करणार होता आणि सरांच्या कॉलेजला त्यात सहयोगी संस्था म्हणून घ्यायचं होतं. कॉलेजने पैसे द्यायचे नव्हते, घ्यायचेही नव्हते. हव्या होत्या दोनच गोष्टी : युरोपियन पोर्टलवर नोंदणी केली की मिळणारा नऊ आकडी ओळख क्रमांक, आणि एका पानाच्या संमतिपत्रावर अधिकृत सही. हाताशी पाच आठवडे. मी सुट्टीवर त्या बाजूला जाणारच होतो. म्हटलं, मी बघतो, तासाभराचं तर काम आहे.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी पत्र घेतलं, आवक नंबर टाकला, चहासुद्धा पाजला. मग विचारलं, "साहेब, हे कुठल्या फायलीत लावू?"

प्रश्न अगदी बरोबर होता. परदेशातून आलेल्या पत्रासाठी फाइलच नव्हती. प्राचार्य म्हणाले, संस्थेला विचारू. संस्था म्हणाली, विद्यापीठाचं पत्र आणा. विद्यापीठाने कळवलं, आधी तुमच्याकडून ठराव येऊ द्या. मध्येच कुणीतरी म्हणालं, "परदेशी पैसा असेल तर एफसीआरए लागेल हं." मग यात पैसाच नाही हे पटवण्यात एक आठवडा गेला. सही झाली तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. मित्राच्या प्रोजेक्टमध्ये आपल्या नदीऐवजी दुसऱ्याच देशातलं खोरं गेलं. सर त्याच वर्षी रिटायर झाले. वह्या त्यांनी घरी नेऊन माळ्यावर ठेवल्या.

आता इथे "सरकारी खाक्या" म्हणून भाऊसाहेबांवर घसरणं फार सोपं आहे. मी नाही घसरणार. चुकीच्या कागदावर सही झाली तर त्यांची चौकशी होते, उशीर झाला तर काहीच होत नाही. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही उशीरच केला असता. तुम्हीही.

आणि त्यांच्या शंका खोट्या नसतात. ट्रस्टच्या कॉलेजला परदेशी संशोधन निधी घ्यायचा तर एफसीआरएची नोंदणी किंवा परवानगी लागतेच. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. केळीच्या मुळांवरच्या बुरशीचा नमुना संशोधनासाठी बाहेर पाठवायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा पाहावा लागतो. शिवाय डेटा कुणाचा, पेपरवर नाव कुणाचं, हे आधीच लिहून घेतलं नाही तर वीस वर्षं उन्हात फिरलेल्या सरांचं नाव शेवटी आभाराच्या ओळीत जायचं, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

हे सगळं भौतिकशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाने का करायचं? त्यासाठी ऑफिसच हवं. यूजीसीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय कार्यालय काढायला सांगितलंय. पण अशा कार्यालयाचं यश आपण मोजतो कशावर? सामंजस्य करार किती झाले यावर! शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, संपलं. किती पत्रांना वेळेत उत्तर गेलं, हे कोण मोजतो?

तुम्ही म्हणाल, लहान गावात हे कुठून जमणार? तर चला माझ्या आजोळी, अमळनेरला. सुरत-भुसावळ लाइनवरचं हे गाव आपल्या आयटीवाल्यांना माहीत असतं ते विप्रोमुळे. १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती तिथं सुरू झाली. पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १९१६ मध्ये, श्रीमंत प्रताप शेठ यांनी याच गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. गिरणीमालक माणूस, आणि हौस अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाची!

तिथे बंगालपासून दक्षिणेपर्यंतचे तरुण अभ्यासक फेलो म्हणून येऊन राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' १९३० मध्ये अमळनेरहून निघालं, आणि पुढे ते स्वतः तिथे संचालक होते. १९३३ मध्ये मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचं 'अज्ञान' हे इंग्रजी पुस्तक लंडनच्या ल्युझॅक कंपनीने छापलं. खानदेशातून लंडनला 'अज्ञान' निर्यात झालं म्हणा ना. शिवाय मलकानींच्या संपादनाखाली 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक.

ना ईमेल, ना करार, ना फोटो. मग होतं काय? राहायला जागा, दरमहा विद्यावेतन, ग्रंथालय आणि नियमाने निघणारं त्रैमासिक. विद्वानाने विचार करावा, त्याच्या खोलीची आणि छपाईची काळजी संस्थेने वाहावी. माझ्या मते, चांगल्या संशोधन कार्यालयाची व्याख्या याहून वेगळी नाही.

अर्थात हेही खरं की तो सगळा डोलारा एका दात्याच्या ताकदीवर उभा होता आणि पुढे तो ओसरला. त्रैमासिकाची परंपरा १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'च्या रूपाने पुढे नेली. दाता गेला तरी काम चालू राहायचं असेल तर त्यामागे संस्था लागते.

म्हणून माझं मागणं अगदी छोटं आहे. प्रत्येक कॉलेजात वेगळं ऑफिस नको. विद्यापीठात एक टेबल हवं, संलग्न कॉलेजांसाठीसुद्धा. त्यावर नाव आणि फोन नंबर असलेला एक माणूस. संमतिपत्र, डेटा-वाटप आणि नमुने पाठवणं, या तिन्हींचे मसुदे वकिलाकडून आधीच तपासून घेतलेले. सही कोण करणार हे आधीच ठरलेलं. आणि पंधरा दिवसांत उत्तर, हो किंवा नाही. 'नाही'सुद्धा चालेल हो! ताटकळत ठेवणं नको. पोर्टलवरची नोंदणी वगैरे तर आपल्यासारखे माजी विद्यार्थी दोन संध्याकाळींत बसून करून देतील.

मागच्या दिवाळीत सरांना फोन केला होता. विचारलं, "वह्या आहेत ना, सर?"

"आहेत की. थोडी कसर लागलीय. पण आकडे वाचता येतात अजून."

ते वाचता येतात तोवर कुणीतरी हे टेबल मांडा, एवढंच.