गाडी आपसूक पळाली, दोष कुणाचा?

कपड्याचे थान खराब निघाले म्हणून कोणताही शहाणा व्यापारी काउंटरवरच्या पोराला धारेवर धरत नाही. तो थान उलगडून पाहतो. धागा विणताना सुटला, रंगाईत डाग पडला की ट्रान्सपोर्टच्या गोदामात पाणी लागले, हे पाहिल्यावरच माल कुणाकडे परत करायचा ते ठरते. आमची तीस वर्षे या धंद्यात गेली आणि ही तपासणी आम्ही कधी चुकवली नाही. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीच्या बाबतीत आम्ही ती चुकवली आणि एका इमानदार माणसावर अन्याय केला. ही हकीकत व्यापारी बांधवांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण तशा गाड्या आता आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभ्या आहेत.

आमची नांदेडला होलसेल कापडाची पेढी आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या पट्ट्यात उधारी आणि ऑर्डरसाठी महिन्यातून चार-पाच फेऱ्या होतात. डिझेलचा खर्च परवडेना, म्हणून मुलांच्या आग्रहाने हायब्रिड गाडी घेतली. या गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. कधी एक ओढते, कधी दुसरी, कधी दोन्ही. ब्रेक लावला की मोटर उलट काम करून बॅटरी भरते. क्लच नाही, गिअर बदलणे नाही. आमचे ड्रायव्हर बावीस वर्षांपासून आमच्याकडे आहेत. जीप, टेम्पो, डिझेलची मोटार, सगळे त्यांनी चालवले. आम्ही नव्या गाडीची चावी त्यांच्या हाती दिली आणि मागच्या सीटवर वही उघडून बसलो. शिकवणे एवढेच झाले.

दोन-तीन महिन्यांनी ते म्हणाले, "सेठ, ही गाडी मधूनच आपसूक पळते." आम्ही हसलो. "गाडीला काय जीव आहे का भाई? तुमचाच पाय जड झाला असेल." विषय तिथेच संपला.

मग हिवाळ्यात लातूरला जाताना चाकूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला त्यांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. ट्रॅक्टर मागे पडला, पण गाडीचा वेग कमी होईना. ब्रेक दाबला की गाडी मंदावे, सोडला की पुन्हा उसळे. असे दोन-तीनदा झाले आणि शेवटी रस्त्याकडेच्या पेरूच्या हातगाडीला धडक बसली. गाडीवाला बाजूला झाला म्हणून बचावला. पेरू सगळे रस्त्यावर. आम्ही त्याची भरपाई केली आणि तिथेच, चार लोकांसमोर, आमच्या ड्रायव्हरला नको ते बोललो. ते एवढेच म्हणाले, "पाय काढला होता सेठ, तरी पळाली." आम्ही भरपाईची रक्कम त्यांच्या पगारातून कापण्याचे ठरवले आणि उद्यापासून घरी बसा, असे सांगितले.

लातूरला गंजगोलाईच्या एका व्यापारी मित्राने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी पाठवली. पोरगा तिशीचा असेल. त्याने बॉनेट उघडले नाही. बॅटरी हातात घेऊन तो ड्रायव्हरच्या दारापाशी गुडघ्यावर बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "इथे चटईवर चटई आहे." गाडीबरोबर आलेल्या चटईवर आम्हीच पावसाळ्यात जाड रबरी चटई टाकून घेतली होती. खालची चटई हुकात अडकलेली, वरची मोकळी. ती हळूहळू पुढे सरकत गेली आणि पेडल पूर्ण दाबले की चटईची कड त्याला धरून ठेवायची. त्याने आमच्यासमोर पेडल दाबून दाखवले. ते खालीच राहिले. मग त्याने स्कॅनर लावला. मशीनमध्ये कुठलाही दोष नोंदलेला नव्हता. तो पोरगा आमच्याकडे न बघता आमच्या ड्रायव्हरला म्हणाला, "चाचा, तुमचा पाय बरोबर होता."

ब्रेक दाबला की मंदावणे आणि सोडला की उसळणे, याचा खुलासाही त्याने केला. दोन्ही पेडल एकदम दाबलेले दिसले तर अशा गाड्यांचा संगणक ब्रेकचे ऐकतो आणि ओढ कमी करतो. ब्रेक सुटला आणि ॲक्सिलरेटर अडकलेलाच असला, की तो पुन्हा ॲक्सिलरेटरचे ऐकतो. म्हणजे मशीन आपले काम चोख करत होते, ड्रायव्हरही. चुकली होती ती आमची चटई, आणि त्याहून जास्त आमचे कान.

ही गोष्ट एकट्या आमची नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ लेक्सस कंपनीची एक गाडी थांबेना म्हणून चार माणसे गेली. चालवणारा हायवे पोलिसातला अधिकारी होता, म्हणजे कच्चा ड्रायव्हर नव्हे. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली, आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलची रबरी चटई टाकलेली होती. सर्वांत वाईट बाब पुढे उघड झाली. काही दिवस आधी त्याच गाडीत दुसऱ्या एका ग्राहकाचा पेडल अडकला होता. त्याने तो कसाबसा सोडवला आणि गाडी परत देताना काउंटरवर सांगितलेही होते. काउंटरवरची गोष्ट काउंटरवर राहिली. त्यानंतर टोयोटाने चटईच्या कारणावरून सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सूचना काढली. त्यात २००४ ते २००९ च्या प्रियस या हायब्रिड गाड्याही होत्या.

संगणकातच खोट आहे का, याचा शोध घ्यायला अमेरिकी सरकारने नासाच्या इंजिनिअरांना बसवले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही, असे म्हटले. कंपनी मात्र त्यामुळे धुतल्या तांदळासारखी ठरली नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात ज्युरीने टोयोटाविरुद्ध निकाल दिला, आणि ग्राहकांना खरी माहिती दिली नाही म्हणून २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हा ड्रायव्हर नेहमी खोटे बोलतो असे नाही, आणि मशीन नेहमी बेईमान असते असेही नाही. प्रत्येक वेळी पाहावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर ताजे आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याच्या भर बाजारात बेस्टची इलेक्ट्रिक बस सुसाट सुटली. सात जणांचा लगेच जीव गेला, पुढे हा आकडा वाढला आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. ड्रायव्हर गिअरच्या गाड्यांना सरावलेला. बिनगिअरची मोठी इलेक्ट्रिक बस त्याच महिन्यात त्याच्या हाती आली होती. दोष ठरवणे कोर्टाचे काम आहे. पण त्याला शिकवले किती, हा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला, आणि तो प्रश्न प्रत्येक गाडीमालकाला लागू आहे.

आपल्या कारखान्यांचेच पाहा. शिलाईच्या जुन्या मशीनची क्लच मोटर चालू असली की सतत गुणगुणायची. कारागिराला कळायचे की मशीन जागे आहे. आताची सर्वो मोटर गप्प असते आणि पायाचा स्पर्श झाला की सुई धावते. म्हणून नवा पोरगा आला की आपण त्याला आधी चिंध्यांवर बसवतो, आठ दिवस मालाला हात लावू देत नाही. बोटात सुई जाऊ नये म्हणून एवढी काळजी घेणारे आपण, पंधरा-वीस लाखांची गाडी आणि रस्त्यावरच्या माणसांचे जीव मात्र एका चावीबरोबर देऊन टाकतो.

हायब्रिड गाडी तशीच गप्प असते. समोर 'रेडी' असे अक्षर उजळले की इंजिनाचा आवाज नसतानाही ती निघायला तयार असते. दुकानासमोर अशी उभी ठेवून मालाचे गठ्ठे उतरवताना कुणाचा पाय पडला तर ती उडी घेणारच. उतरताना 'पी' लावून बटण बंद करणे ही सवयच लावली पाहिजे.

गाडी आपसूक पळाल्याची तक्रार आली तर कोणत्या क्रमाने पाहावे, ते त्या मेकॅनिककडून आम्ही लिहून घेतले.

पहिली, चटई. एकच असावी, त्याच मॉडेलची, हुकात अडकलेली. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली, सॅम्पलची पिशवी काही ठेवू नये.

दुसरा, पाय. सैल चप्पल घालून चालवू नये. डावा पाय पूर्ण आरामात राहावा. क्लचची सवय असलेला डावा पाय घाईत रुंद ब्रेकवर पडतो, गाडी झटका देते आणि गोंधळात उजवा पाय भलतीकडे जातो. १९८० च्या दशकात ऑडीच्या गाड्यांबद्दल अशाच तक्रारी होत्या. १९८९ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने मुख्य कारण चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हेच सांगितले. पाय चुकतो हे खरे आहे, पण ते तपासून म्हणावे.

तिसरा, गाडीचा स्वभाव. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. चढावर आवाज एकदम वाढतो, वेग तेवढा वाढत नाही. हा दोष नव्हे. खड्ड्यावर ब्रेक लावला की मोटरचा ब्रेक सुटून चाकाचा ब्रेक धरेपर्यंत गाडी क्षणभर पुढे सरकल्यासारखी वाटते. ही भावना फार वाढली तर मात्र दाखवावे. याच तक्रारीवरून टोयोटाने फेब्रुवारी २०१० मध्ये चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्यांचे ब्रेकचे सॉफ्टवेअर बदलून दिले होते. क्रूझचे बटण चुकून दाबले गेले तर गाडी ठरवलेला वेग पकडायला स्वतः धावते, हेही ड्रायव्हरला दाखवून ठेवावे.

चौथा, स्कॅनर. आणि त्याबरोबर वहीत नोंद करावी: कुठे, किती वेगात, चढ की उतार, बॅटरी किती भरलेली, ब्रेकचा परिणाम झाला का. तोंडी तक्रार शोरूममध्ये हरवते, लिहिलेली हरवत नाही. सात वर्षांच्या आतल्या गाडीत कंपनीचा दोष वाटला तर १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि पुरेशा तक्रारी आल्या तर कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडता येते.

ऐन वेळी काय करावे, तेही पाठ असावे. ब्रेक एकदा जोरात दाबावा आणि दाबूनच धरावा, दाबत-सोडत राहू नये. दांडा 'एन' वर न्यावा. काही गाड्यांत तो क्षणभर तसाच धरावा लागतो. तरीही थांबली नाही तर पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवावे. नुसते एकदा दाबून चालत्या गाडीचे बटण मानत नाही. बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते, घाबरू नये. चटई पायाने ओढायचा प्रयत्न गाडी थांबल्यावरच करावा.

हे सगळे गाडीच्या पुस्तकात असते, पण पुस्तक इंग्रजीत आणि डब्यात बंद. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, आमचे ड्रायव्हर चौथीपर्यंत. घरातल्या शिकलेल्या मुलांना बसवून ती चार पाने उर्दू-मराठीत उतरवून घ्यावीत. आम्ही आता तसे केले आहे.

आमच्या मेकॅनिक आणि सीटकव्हरवाल्या बांधवांनाही दोन शब्द. ग्राहक मागतो म्हणून चटईवर चटई देऊ नका, दोनशे रुपयांच्या विक्रीत माणूस जाऊ शकतो. नारिंगी आवरणाच्या तारांना शिकल्याशिवाय हात लावू नका, त्यातला करंट जीवघेणा असतो. लाइट किंवा टेपसाठी कुठलीही तार कापून जोड मारू नका. पण या गाड्यांपासून पळूही नका. लातूरचा तो पोरगा स्कॅनर शिकला म्हणून त्याच्या दारात रांग आहे. जो शिकणार नाही त्याच्याकडे पाच वर्षांनी फक्त जुन्या जीप येतील.

लातूरहून परतताना आम्ही ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसलो. कापायची रक्कम कापली नाही, माफीही मागितली. चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात नोकरांसमोर पुन्हा मागितली. ते आजही आमच्याकडे आहेत. मात्र चाकूरचा फाटा आला की ते आपोआप गप्प होतात, आणि आम्हीही.

ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांनी आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून खाली वाकून पाहावे. आणि त्याला विचारावे, गाडीबद्दल काही सांगायचे राहिले आहे का.