औषध येईल, पण चाळीतल्या आजीपर्यंत पोहोचेल का?

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्या घरांतही सर्रास वापरली जाते. आजी गॅस बंद करायला विसरली, आजोबांना स्वतःची खोली सापडेना, की आपण "वय झालं" म्हणून मोकळे होतो. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : अनेकदा हे वय नसतं, आजार असतो. आणि तो कोणाचा वेळेत ओळखला जातो, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

अल्झायमर्सवर नवी औषधं आली आहेत. अमेरिकेने २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता दिली. ती आजार बरा करत नाहीत. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, इतकंच. तेही आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तरच. आधी पेट स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी, मग दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. अमेरिकेत नुसत्या औषधाची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती.

आता हे परळ-नायगावात आणून पाहा. टॉवरमधल्या साहेबांना खासगी न्यूरॉलॉजिस्ट लगेच भेटेल. बीडीडी चाळीतली आजी केईएमच्या रांगेतून पुढे सरकेपर्यंत सुरुवातीचा टप्पा उलटून गेलेला असेल.

त्याहून मोठी अडचण तपासणीतच आहे. जगभर वापरली जाणारी एमएमएसई चाचणी रुग्णाला मजकूर वाचायला, वाक्य लिहायला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. जिला शाळेची पायरीच चढू दिली नाही, तिची स्मृती मोजताय की तिच्यावर झालेला अन्याय? कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, हे लॅन्सेट आयोगाने मान्य केलं आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यात स्त्रियांचं आणि अशिक्षितांचं प्रमाण जास्त. म्हणजे शिक्षण नाकारल्याची किंमत म्हातारपणी दुसऱ्यांदा वसूल होते.

"टीबीच्या रांगा संपत नाहीत, तिथे हे महागडं औषध कशाला?" असं आपलेच कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही आधी औषध मागत नाही, औषधापर्यंतची वाट मागतो. निरक्षर वृद्धांसाठीची चाचणी हिंदीत नव्वदच्या दशकातच तयार झाली. मराठीतली तशी चाचणी पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात हवी. आरोग्यसेविकांना प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला हवा. केईएम, नायरमध्ये स्मृती तपासणीला ठरलेला वार आणि एमआरआयची राखीव वेळ हवी. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा यांवर वेळेत उपचार हवेत, कारण त्यांनी धोका कमी होतो. सांभाळणाऱ्या सुना-लेकींना आधार हवा. औषध उद्या आलं नाही तरी यातलं काहीही वाया जात नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आडारकर अहवाल १९४४ मध्ये आला; त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. उपचार ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, हा त्याचा अर्थ.

तरुणांनो, सुरुवात विहारापासून करा. वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाची यादी करा, त्यांना दवाखान्यात न्या, आणि तिथे तपासणीची सोय नाही असं उत्तर मिळालं तर ते लेखी घ्या. ही लेखी उत्तरं वॉर्ड ऑफिससमोर ठेवली, की मागणी टाळता येणार नाही.

जय भीम!