आपाची वही

22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाडमधल्या बऱ्याच बायकांची झोप उडाली. सावित्री आणि गांधारीचं पाणी घरात चढताना ज्यांनी पाहिलं, त्यांना आजही पावसाचा जोर वाढला की पडून राहवत नाही. माझ्या आपाचंही तेच झालंय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. रात्री दोन वाजता ती उठून बसायची, खिडकी उघडायची, पंख्याखाली उभी राहायची. "पुराचा धसका घेतलाय पोरीनं," अम्मी सांगायची. कुणी पाणी दम करून दिलं, कुणी तावीज आणला. दोन वर्षं आम्ही पुराला दोष देत राहिलो.

मग एका मार्च महिन्यात मी माहेरी गेले. मार्चमध्ये पुराची भीती कसली? आपा तरीही रात्री घामाने चिंब होऊन उठली. मी हळूच विचारलं, "आपा, तुझी पाळी नीट येते का गं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग सगळंच बाहेर आलं. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी अडीच महिन्यांनी. आली की बारा-तेरा दिवस थांबत नाही. सकाळी बोटं आखडतात. डाळ शिजत ठेवल्याचं लक्षात राहत नाही. सुनेवर ओरडते आणि मग न्हाणीघरात जाऊन रडते. सगळ्यात शेवटी, सगळ्यात खालच्या आवाजात तिने विचारलं, "नमाजचं काही कळत नाही. पढू की नको? मागच्या रमजानचे किती रोजे कजा धरायचे, त्याचाही हिशेब लागत नाही. मी गुनाहगार होतेय का?"

आपा तेव्हा 46 वर्षांची होती.

तिचा तो शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आरोग्यावरच्या मराठी लेखांत घाम येणं, चिडचिड, हाडं, आहार हे सगळं असतं. नमाज-रोजाचा प्रश्न नसतो. दीनी पुस्तकांत नमाज-रोजाचे मसले असतात. रात्रीचा घाम नसतो. बाई मात्र एकच असते. तिचा अर्धा प्रश्न इकडे आणि अर्धा तिकडे, आणि दोन्हीकडे उत्तर देणारा बहुधा पुरुष. म्हणून ती गप्प बसते.

आधी शरीराचं पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असं डॉक्टर धरतात. भारतात हे सरासरी 46-47 व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. पण पाळी एका दिवसात जात नाही. त्याआधीची चार-पाच वर्षं, काहींची त्याहूनही जास्त, संक्रमणाची असतात. अंडाशयाचं काम अनियमित होतं, इस्ट्रोजेन कधी चढतं, कधी उतरतं. त्या चढउताराने अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, मन हलकं होतं, सांधे दुखतात, पाळीचं गणित बिघडतं. हा आजार नाही, नजर नाही, स्वभाव बिघडणंही नाही. आपाला पुराची भीती वाटत नव्हती असंही मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही फक्त एकच पाहिली, कारण पुराबद्दल मोठ्याने बोलता येत होतं.

आता दीनचं. न बोलण्याला आपल्याकडे 'हया' म्हणतात. पण आपल्या इतिहासात उलटं दिसतं. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्या थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि नमाज सोडू का, असं विचारलं. त्यांना कुणी गप्प केलं नाही. हे हैज नाही, शिरेतलं रक्त आहे, हैजचे दिवस संपले की गुस्ल करून नमाज पढत जा, असं त्यांना सांगण्यात आलं. या एका बाईने विचारलं म्हणून पुढच्या सगळ्या बायकांना उत्तर मिळालं. हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी बायकांची तारीफ केली ती याचसाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. सूरह तलाकमध्ये पाळी बंद झालेल्या बायकांच्या इद्दतीचा हिशेब तीन महिने असा सरळ दिलेला आहे. तिथे ना कुजबुज आहे, ना कमीपणा.

त्याच आयतीतल्या 'यास' या शब्दावरून अरबीत आणि उर्दूत या वयाला 'सिन्न-ए-यास' म्हणतात. यास म्हणजे आशा सुटणं. आयतीत ती आशा फक्त पाळी येण्याची आहे. आपण मात्र त्याचा अर्थ बाईच्या सगळ्याच आयुष्याला लावून टाकला. मराठीतही 'तिचं आता सगळं संपलं' असं म्हणतातच.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये हैज कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त 15 दिवस धरतात. दोन हैजच्या मध्ये पाकीचे निदान 15 दिवस हवेत. हनफी मजहबमध्ये हीच मर्यादा तीन ते दहा दिवसांची आहे. मशिदीतले मौलाना बाहेरगावचे आणि हनफी असतील, तर त्यांचं उत्तर आणि अम्मीने शिकवलेला हिशेब जुळत नाही, आणि बाई आणखीच गोंधळते. मर्यादेपलीकडचा स्राव इस्तिहाजा असतो. त्यात नमाज माफ होत नाही. नमाजची वेळ झाल्यावर स्वच्छता करून, नवा वुजू करून ती पढायची असते, रोजाही ठेवता येतो. बारकावे आलिमच सांगतील. पण आलिमने काही सांगायचं तर त्याला आधी तारखा हव्यात. आणि गंमत अशी, की डॉक्टरीणबाईही पहिल्यांदा तारखाच विचारतात.

म्हणून मी आपाला शंभर पानी वही आणून दिली. पाळी कधी आली, कधी थांबली, किती पॅड लागले, गाठी पडल्या का, रात्री कितीदा घाम आला, कितीदा झोप मोडली. रोज एक ओळ. वही एकच, उत्तरं दोन ठिकाणची. या वयात स्वतःला समजून घेण्याची सुरुवात मला यापेक्षा सोपी माहीत नाही. चार महिन्यांनी आपा ती वही चाळत म्हणाली, "म्हणजे मी वेडी होत नव्हते."

याआधी तिला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. तारखा न विचारता, कुठलीही तपासणी न करता त्यांनी सांगितलं, "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका." हे वाक्य आपल्या भागात फार सहज ऐकू येतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं, ते नाकारून चालणार नाही. पण त्यासोबत अंडाशयंही काढली, तर जे बदल काही वर्षांत व्हायचे ते एका रात्रीत होतात, आणि हाडांना, हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते. 'कॅन्सर होईल' एवढ्या एका वाक्यावर सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासलं. आपाचं हिमोग्लोबिन आठच्या जवळ होतं. तिचा थकवा, धाप, चक्कर यातलं निम्मं तिथेच होतं. थायरॉइड, साखर आणि सोनोग्राफी या तपासण्याही केल्या. पंचेचाळिशीनंतर हा काळ ओळखायला महागड्या हार्मोन चाचण्या बहुधा लागतच नाहीत, हेही कळलं. लोहाच्या गोळ्या आणि स्राव आटोक्यात ठेवणारं औषध सुरू झालं. हार्मोनच्या उपचारांची भीती 2002 च्या एका अमेरिकन अभ्यासानंतर जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायका सरासरी साठीच्या पुढच्या होत्या. पुढे चित्र बदललं: साठीच्या आतल्या, नाहीतर पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला खूप त्रास होत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा मार्ग असू शकतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना तो नाही.

घरातही बरंच करता येतं. नाचणीची भाकरी आपल्याला नवी नाही. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. रोज अर्धा तास चालणं, अंगणात थोडं ऊन, रात्रीचा कडक चहा बंद. पण काही गोष्टी घरी थांबवून ठेवायच्या नाहीत. तासाभरात पॅड भिजणं, मोठ्या गाठी, संबंधानंतर रक्त दिसणं, आणि वर्षभर पाळी बंद असून पुन्हा डाग पडणं. असं झालं तर लगेच डॉक्टर.

आता पुरुषांशी दोन शब्द. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी कुवेतला, सौदीला, दुबईला. दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला नवरा बघतो तर बायको बदललेली. ती जवळ येत नाही, चिडते, रात्री वेगळी झोपते. त्याला वाटतं मन उडालं, आणि तिला सांगायला शब्द सापडत नाहीत. भाई, रोज व्हिडिओ कॉलवर पैसे पोहोचले का हे विचारता, तसं एकदा झोप लागली का हेही विचारा. आणि पाळी चुकली म्हणजे गेलीच असं समजू नका. पंचेचाळिशीतही दिवस जाऊ शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. नातवंडं खेळवायच्या वयात ही वेळ आली, की बाई कुणाला तोंड दाखवत नाही. चूक दोघांची असते, झाकून घेते एकटी ती.

महाडमध्ये निदान रिक्षा करून दवाखान्यात जाता येतं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून आलेल्या बाईला एसटी धरून येण्याजाण्यात पूर्ण दिवस मोडतो. 'गरम होतंय' एवढ्यासाठी ती तो दिवस कधीच मोडणार नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या लोकांची रक्तदाब, साखर आणि काही कॅन्सरसाठी तपासणी असते. आशाताई त्यासाठी घरोघरी माहितीही भरतात. त्याच वेळी चाळिशीपुढच्या बाईला त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, तुझी पाळी आणि झोप कशी आहे? दोन्ही तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला दिवस या बायकांसाठी असावा आणि तो गावागावात माहीत असावा. आणि आपल्या जमातींनी, मदरशांनी बायकांच्या इज्तिमात दहावी-बारावीच्या मुलींना जसा हैजचा मसला शिकवला जातो, तसा पंचेचाळिशीच्या बायकांनाही शिकवावा, शेजारी एक डॉक्टरीण बसवून. हॉल आहे, माइक आहे, बायका येतातही. फक्त विषय कुणी घेत नाही.

आपाचा नमाजचा प्रश्न शेवटी मोहल्ल्यातल्या एका आलिमाबाईंनी सोडवला. त्यांनी वही पाहिली, बोटांवर दिवस मोजले, हैजमधले कुठले आणि त्यापलीकडचे कुठले ते पेन्सिलीने वेगळे करून दिले. मग दार लोटून घेतलं आणि आपाला म्हणाल्या, "अशी वही कुठे मिळते? मलाही हवी आहे."