‘सिक्युअर’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

शुक्रवारी डबा खाताना टीममधल्या एकाशी वाद झाला. विषय इराक युद्धाच्या जुन्या बातम्यांचा. त्याचं म्हणणं, मी उगाच शब्दांचा कीस पाडतो. एका स्वल्पविरामापायी अख्खी दुपार घालवणाऱ्या प्रोग्रॅमरने हे मला ऐकवावं! असो. तिथे अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करतो.

इराकवर हल्ला सुरू झाला २० मार्च २००३ ला. मी तेव्हा बालवाडीत होतो, म्हणजे हे सगळं मागाहून वाचलेलं आहे. पण मागाहून एकापाठोपाठ एक वाचलं की जे दिसतं, ते तेव्हा रोज वाचणाऱ्याला दिसलं नसावं.

कुवेतच्या सीमेला लागून उम्म कसर नावाचं बंदर आहे. २१ मार्चला ते हातात आल्याच्या बातम्या झळकल्या. २३ तारखेला त्याच गावातली गोळीबाराची चकमक लोक टीव्हीवर लाइव्ह बघत होते! २५ तारखेला ब्रिटिशांनी बंदर सुरक्षित झाल्याचं पुन्हा जाहीर केलं. मग पाण्यात सुरुंग सापडले, आणि मदत घेऊन येणारं ‘सर गॅलहॅड’ जहाज २८ तारखेला कुठे धक्क्याला लागलं. आपल्याकडे एखादं तिकीट ‘क्लोज्ड’ होतं, परत उघडतं, परत ‘क्लोज्ड’ होतं, तसंच. फरक इतकाच की तिथे मध्ये माणसं मरत होती.

आता त्या क्रियापदाकडे या. इंग्रजीत लोन ‘सिक्युअर’ करतात, म्हणजे मिळवतात. दार ‘सिक्युअर’ करतात, म्हणजे नीट लावून घेतात. सैन्याला अभिप्रेत असतो मुख्यतः पहिला अर्थ: जागा घेतली, आता शत्रूला परत मिळू द्यायची नाही. वाचकाच्या कानावर पडतो दुसरा: चला, आता तिथली माणसं सुखरूप. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर ‘बिनघोर’. कोण बिनघोर झालं, हे मात्र वाक्यात कुठेच येत नाही.

“अरे, तो सैन्याचा तांत्रिक शब्द आहे,” हा मित्राचा हुकमी एक्का. मान्य. सैन्याने तो आपल्या कागदांत खुशाल वापरावा. पण वार्ताहराने का? त्या युद्धात शेकडो पत्रकार सैन्याच्या तुकड्यांसोबत फिरत होते, त्यांच्याच गाड्यांतून जात होते, त्यांच्यातच झोपत होते. भाषा लागणारच, सर्दी लागते तशी. मला त्यांचा राग नाही. राग आहे तो दूर ऑफिसात बसून तोच शब्द मथळ्यात चढवणाऱ्या संपादकांचा. त्यांना कुठे कुणाच्या गाडीत झोपायचं होतं?

आणि तो शब्द किती निवडून लागू होतो ते बगदादमध्ये दिसलं. ९ एप्रिलला शहर पडलं. तेलमंत्रालयावर अमेरिकन सैनिकांचा पहारा बसला. तिकडे राष्ट्रीय संग्रहालय १० ते १२ एप्रिल लुटलं जात होतं. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. रणगाडे तिथे पोचले १६ तारखेला. म्हणजे बगदाद ‘सिक्युअर’ झालं होतं ना? झालं होतं की. कुणासाठी, ते विचारू नका.

मराठीत हे इतकं सोपं नाही, आणि ते बरंच आहे. ‘ताब्यात घेतलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कुणी, कुणाकडून? ‘सुरक्षित केलं’ म्हटलं की विचारावं लागतं: कुणासाठी, कुणापासून? तरी आपल्याकडे इंग्रजी तारेवरून बातमी उतरवताना पटकन ‘सुरक्षित’ लिहून मोकळं होण्याचा मोह होतोच. तिथे ‘ताब्यात घेतलं’ लिहा. गाव सुखरूप आहे असं लिहायचंच असेल, तर आधी गावातल्या कुणाला तरी विचारा.

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “बरं बाबा,” आणि डबा धुवायला गेला.