विश्लेषण : पेट्रोलपंप हलला, टाकी निघाली, मातीची तपासणी कोण करणार?

पुणे-बेंगळूरु महामार्ग चौपदरी झाला, आता सातारा ते कागल टप्प्यात तो सहापदरी होत आहे. रस्ता रुंद झाला, शहरातील जागांचे भाव वाढले, की जुने पेट्रोलपंप बंद होतात किंवा दुसरीकडे हलतात. मागे उरलेल्या भूखंडावर गाळे उभे राहतात, घरे होतात. जमिनीखालच्या टाकीतून इतक्या वर्षांत मातीत काय मुरले, याची नोंद खरेदीखतात नसते. ती असायला हवी.

धोका खरोखर किती?

२०२१ च्या सुरुवातीला फलटण तालुक्यातील सासवड येथे चोरट्यांनी मुंबई-पुणे-सोलापूर इंधनवाहिनी फोडली. पेट्रोल शेतात मुरले, विहिरींत उतरले, पिकांचे नुकसान झाले. तेथे वास आला आणि प्रकार उघड झाला. टाकीची गळती अशी ओरडून सांगत नाही. गंजलेल्या टाकीतून किंवा सैल झालेल्या जोडातून रोज दोन लिटर गेले तरी वर्षाला ७३० लिटर होतात. बाष्पीभवनाची घट आणि तापमानामुळे पडणारा फरक यांच्या हिशेबात ही गळती सहज झाकली जाते.

सातारा-सांगलीत काळजी जास्त का?

दोन्ही जिल्ह्यांच्या बहुतांश भागाखाली बेसाल्टचा कातळ आहे. वर माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक अशी रचना. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगांतून उतरलेले इंधन सर्व बाजूंना सारखे पसरत नाही. एखादी फट धरून ते दूरच्या विहिरीत निघू शकते आणि शेजारची विहीर स्वच्छ राहू शकते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातील बेंझिन पाण्यात काही प्रमाणात विरघळते. बेंझिनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपासणी कशी होते?

आधी कागद पाहायचे : टाक्या किती, कुठे, कोणत्या वर्षी पुरल्या, साठ्याच्या नोंदीत तूट दिसते का. मग टाकी काढताना खड्ड्याच्या तळाची, टाकीच्या दोन्ही टोकांखालची, नळांच्या जोडांखालची आणि टँकर रिकामा होतो त्या तोंडाजवळची माती घ्यायची. नमुना हवाबंद बाटलीत, थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. उघड्या पिशवीत नेला तर बेंझिन वाटेतच उडून जाते आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. माती दूषित निघाली, तर किमान तीन निरीक्षण-विंधनविहिरी घेऊन पाण्याचा उतार शोधायचा आणि त्या दिशेच्या विहिरी तपासायच्या.

कायदा काय म्हणतो?

पेट्रोलियम नियम, २००२ चा मुख्य भर आग आणि स्फोट टाळण्यावर आहे. टाकी वायुमुक्त झाली, की आगीचा धोका संपतो. मातीचा प्रश्न तसाच राहतो. ही उणीव भरण्याची संधी केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियमांनी दिली आहे. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा.

मग अडचण कोठे?

अडचण यादीतच आहे. कोणी तक्रार केल्याशिवाय बंद पंपाचे नाव त्या यादीत येणार कसे? अमेरिकेत १९८८ च्या नियमांनी टाकी कायमची बंद करतानाच गळतीची तपासणी सक्तीची केली. तेथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. शोधल्या म्हणून त्या सापडल्या.

पंप सुरू करताना जिल्हा प्रशासनाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. म्हणजे कोणती टाकी कुठे पुरली, याची कागदपत्रे जिल्ह्यातच आहेत. तोच दाखला बंद करतानाही हवा : मातीचा अहवाल जोडल्याशिवाय भूखंडावर बांधकाम परवानगी नाही. एसटी आगारांतील डिझेलच्या जुन्या टाक्यांनाही हाच नियम लागू व्हावा.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. प्रत्येक पंप गळका असतो असे नाही, आणि थोडे इंधन मातीतील जिवाणू कालांतराने संपवतात, हेही खरे. पण गळती नव्हती हे सिद्ध झाले तर फायदा पंपमालकाचाच आहे. उद्या शेजारच्या विहिरीला वास आला, तर त्याच्या हातात कागद असेल. खड्डा उघडा असताना चार नमुने घेणे स्वस्त पडते. त्यावर इमारत उभी राहिल्यावर तीच माती काढणे कोणालाच परवडत नाही, आणि तोवर किंमत मोजलेली असते ती त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याने.