नाव झाकून अर्ज वाचा

आमच्या शाळेत एका कंपनीने पाणी शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं. फोटो निघाले, हारतुरे झाले, आभार मीच मानले. यंत्र चांगलं चालतं, तक्रार नाही. पण कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलता उचलता आयटीआय झालेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, त्यांना सांगा ना, आमचे अर्ज पण बघा म्हणावं." मी सांगितलं नाही. भीड पडली. म्हणून आज इथे लिहितोय.

2013च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान 2 टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. त्या कामांच्या यादीत मागास घटकांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करणं हेही आहे. मात्र ही विषमता गेटाबाहेरची! गेटाच्या आत कोणाला घेतलं, हा प्रश्नच नाही. शेअर बाजारातल्या मोठ्या 1000 कंपन्यांना सेबी दरवर्षी विचारते, महिला किती, दिव्यांग किती. दलित किती, मुसलमान किती, हे विचारत नाही.

कोणी म्हणेल, कंपन्या गुणवत्ता बघतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ते तपासलं. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. 2007 साली निष्कर्ष छापून आले. सवर्ण हिंदू नावाला बोलावणं येण्याचं गुणोत्तर 1 धरलं, तर दलित नावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33. मुलाखत दूरच, लिफाफ्यातच निकाल लागला. इथे गुणवत्ता कुठे आली?

आपल्याकडेही बघू. आपले दुकानदार, कारखानदार नोकर ठेवताना बिरादरी बघत नाहीत का? बघतात. आणि उर्दू शाळांत मराठी, इंग्रजी कच्चं राहतं, त्याचा दोष आम्हा शिक्षकांचा आहे, तो मी कंपनीवर ढकलणार नाही. पण पक्की तयारी असलेल्या पोराचा अर्जही नावावरून बाजूला पडत असेल, तर मी वर्गात त्याला अजून काय शिकवू?

मिरजेहून रेल्वेने थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली आणि गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेल्या माणसांना तिथे रखवालीचं काम दिलं. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्याच हाती दार सोपवलं. तेव्हा 2 टक्क्यांचा कायदा नव्हता.

मला राखीव जागा मागायच्या नाहीत, तो वेगळा विषय आहे. कंपन्यांनी पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव, आडनाव आणि मोहल्ला झाकावा. वर्षाअखेरीस अर्ज किती आले, बोलावलं किती, घेतलं किती, हे समाजवार छापावं. याला एका यंत्राएवढाही खर्च नाही.

पुढच्या कार्यक्रमातही आभार मलाच मानायला लावतील. या वेळी पाहुण्यांच्या हातात हारासोबत त्या पोराचा अर्ज देणार आहे. नाव झाकून.